आसमानातून उतरलेली अमानत

आम्हा लोहेकरांना हैदराबाद कधी परकं वाटलं नाही. १९५६ पर्यंत आम्ही एकाच राज्यात होतो. राज्यं बदलली, सोयरिकी राहिल्या. यंदा हिवाळ्यात खालाजानच्या घरी लग्न निघालं आणि आम्ही सगळे गाडी करून निघालो. सोबत मामूजान होते. कंधारच्या किल्ल्याचा खंदक मुलांना दाखवला, मुखेडला चहा घेतला आणि देगलूर ओलांडून संगारेड्डीमार्गे रात्री मौलाअलीच्या डोंगराखाली खालाजानच्या दारात पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी फजरची नमाज पढून परतताना गल्लीतली पोरं वर बोट दाखवत होती. आम्ही गच्चीवर गेलो. खाली अजून अंधारच होता, पण आभाळात एक पांढराशुभ्र ठिपका चमकत होता. खालूजान म्हणाले, "तारा नाही हो, फुगा आहे! आपल्याकडे अजून दिवस उगवला नाही, त्याच्यावर मात्र ऊन पडलं."

मौलाअलीहून थोड्याच अंतरावर, ईसीआयएलच्या भागात, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चचं बलून केंद्र आहे. डॉ. होमी भाभा यांनी १९४० च्या दशकात विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी फुगे सोडायला सुरुवात केली होती. हैदराबादचं हे कायमचं केंद्र १९६९ मध्ये उभं राहिलं. तिथून दर हिवाळ्यात असे फुगे सोडतात.

मुलांना वाटलं होतं, जत्रेतल्यासारखा रबरी फुगा असेल. पण हा पातळ प्लॅस्टिकचा असतो, आणि त्यात हायड्रोजन भरतात. जमिनीवरचा वारा पडलेला असावा लागतो, म्हणून सोडायची वेळ बहुधा रात्रीची किंवा पहाटेची. सुरुवातीला वायू फक्त वरच्या टोकाला असतो, खालचा भाग लांबलचक लोंबत राहतो. वर हवा विरळ होत जाते तसा फुगा फुलतो आणि पूर्ण फुलल्यावर त्याचा व्यास पन्नास ते पंच्याऐंशी मीटर होतो. वाटेत सोळा-सतरा किलोमीटरवर उणे ऐंशी अंशांच्या आसपास थंडी असते. साधं प्लॅस्टिक तिथे काचेसारखं तडकेल, म्हणून त्यासाठी खास प्लॅस्टिक लागतं. तीस ते चाळीस किलोमीटर उंची गाठली की उपकरणं काही तास काम करतात. कोणी ताऱ्यांचे किरण मोजतं, कोणी हवेतले कण.

"मग तो जातो कुठे?" आमच्या धाकट्या भाचीने विचारलं.

खालूजान हसले, "तुमच्याच गावाकडे!"

ते खरंच होतं. हिवाळ्यात खालचे वारे फुग्याला आधी पूर्वेकडे ढकलतात. फार वर गेला की वारे उलट फिरतात आणि त्याला पश्चिमेला आणतात. काम संपलं की जमिनीवरून रेडिओचा इशारा देतात, दोर सुटतो आणि उपकरणं रंगीत पॅराशूटला लटकून खाली येतात. ती हैदराबादपासून दोनशे ते साडेतीनशे किलोमीटरच्या टापूत उतरू शकतात. लोहा सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. म्हणजे नांदेड-लातूरची शिवारं या फुग्यांच्या वाटेवरच आहेत.

मामूजान मात्र गच्चीवर एक शब्द बोलले नाहीत.

परतीच्या वाटेवर देगलूरला चहा पिताना ते म्हणाले, "आमच्या तुरीत एकदा असंच उतरलं होतं. लई वर्षं झाली. भगवं कापड, लांब दोर, खाली एक पेटी. वाटलं, आसमानातून आलंय, याचा मालक कोण असणार? दोर मोटेला लावला, कापड कडब्यावर टाकलं. पेटी पोरांनी फोडली. आत नुसत्या तारा निघाल्या."

आम्ही गप्प झालो. थोड्या वेळाने भाचीने मोबाईलवर वाचलेली गोष्ट सांगितली. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचावरच्या हवेत जीव आहेत का, हे पाहायचं ठरवलं. २० एप्रिल २००५ रोजी याच केंद्रातून ४५९ किलो वजनाचं उपकरण वर गेलं. त्यात निर्जंतुक केलेल्या पोलादाच्या सोळा नळ्या होत्या. वीस ते एक्केचाळीस किलोमीटरच्या दरम्यानची हवा त्यांत भरून खाली आणली. तपासणीत जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती आढळल्या. त्यांतले तीन जिवाणू आजवर कोणालाच माहीत नव्हते. एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं आणि एकाला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांचं नाव दिलं.

"मामू, त्यातली एक जरी नळी कोणी शेतात उघडली असती, तर शिवारातली हवा आत शिरून सगळं वाया गेलं असतं," भाची म्हणाली.

मामूजाननी कप खाली ठेवला. "सापडलेल्या चीजेचा पुकारा करावा, मालक शोधावा, हे आम्हाला मक्तबात शिकवलं होतं. रस्त्यात सापडलेला रुपया आम्ही मशिदीत नेऊन दिला असता. ही पण अमानतच होती. कळलंच नाही."

त्यांचा दोष तरी किती म्हणावा? अशा फुग्यांविषयी सूचना वर्तमानपत्रांत छापून येते, पण मामूजानच्या घरी तेव्हा वर्तमानपत्र येत नव्हतं. आजही शेतात अनोळखी पेटी पडली की कोणी घाबरतं, कोणी तिला हेरगिरीचं यंत्र म्हणतं, आणि शंकेची नजर नको त्या माणसाकडे वळते. खरी माहिती असली की या अफवांना जागाच राहत नाही.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. असं काही तुमच्या शिवारात उतरलं, तर ओढू नका, उघडू नका. काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असते. त्यावर पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला असतो, तिथे कळवा. नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा पोस्टात सांगा. वस्तू न छेडता खबर देणाऱ्याला केंद्राकडून बक्षीसही मिळतं.

लोह्यात उतरल्यावर मामूजान घरी गेले नाहीत. आधी पोलीस पाटलांकडे गेले आणि ही सूचना गावाच्या फलकावर लावायला सांगितली. मग घरी जाऊन त्यांनी कडब्यावरून ते विटलेलं कापड काढलं, धुतलं आणि घडी करून पेटीत ठेवलं. "शाळेतल्या पोरांना दाखवायला कामी येईल," म्हणाले.