चाळीस वाटे, एक मशीन

पाण्याचा पंप घ्या, मोटार घ्या, गाडीची बॅटरी घ्या किंवा ऑइलचा डबा. प्रत्येकावर एक लेबल असतं. कंपनीचं नाव, व्होल्टेज, अनुक्रमांक, धोक्याची खूण. ते सहसा कुणी वाचत नाही, पण ते नसेल तर माल कारखान्याच्या गेटबाहेर पडत नाही. आमचं घर गेली पस्तीसेक वर्षं ही लेबलं छापून जगतं. भोसरीत आमचा छोटा कारखाना आहे. मी तिथं काम करत नाही, मी लिहितो. पण माझ्या शिक्षणाची फी त्याच रोलमधून निघाली, त्यामुळे त्या धंद्याबद्दल बोलण्याचा थोडा हक्क मला आहे असं मी मानतो.

अल्पसंख्याकांच्या उद्योगाबद्दल आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक तक्रारीचा, दुसरा कौतुकाचा. कर्ज मिळत नाही, जागा मिळत नाही, हे खरंच आहे. पण कारखाना टिकतो कसा आणि बुडतो कसा, याचा हिशेब क्वचितच कुणी मांडतं. माझ्या पाहण्यात तरी घरगुती धंदे जितके बाजारामुळे बुडाले, तितकेच घरामुळेही बुडाले.

अब्बांनी सुरुवात पुण्याच्या पेठेत एका ट्रेडल मशीनवर केली. बिलबुकं, पावत्या, लग्नपत्रिका. पुढे तयार पत्रिका शिवकाशीहून येऊ लागल्या, ऑफसेट आणि डीटीपी आलं आणि खिळे जुळवणाऱ्याची किंमत संपली. त्याच सुमारास भोसरीतल्या एका मोटार बनवणाऱ्याने अब्बांना विचारलं, "स्टिकर करून द्याल का?" त्यांनी स्क्रीन प्रिंटिंग शिकून घेतलं. दहा वर्षांनी जुनं फ्लेक्सो मशीन आणलं. त्या मशीनसाठी अम्मीच्या बांगड्या गेल्या. त्या परत आल्या नाहीत, पण मशीन राहिलं.

लेबल दिसतं साधं, पण ते थरांचं काम आहे. वर कागद किंवा पॉलिस्टर, त्याखाली गम, त्याखाली सिलिकॉन लावलेला रिलीज पेपर. सोलून चिकटवायच्या लेबलाचा हा धंदा अमेरिकेत स्टॅन एव्हरी या माणसाने 1935 मध्ये उभा केला. होणाऱ्या बायकोकडून शंभर डॉलर उसने घेऊन आणि वॉशिंग मशीनची मोटर, शिलाई मशीनचे भाग जोडून त्याने पहिलं यंत्र बनवलं होतं. अब्बांना ही गोष्ट फार आवडायची. बांगड्यांचा विषय निघाला की ते अम्मीला हीच गोष्ट ऐकवायचे.

मशीन आज कुणीही विकत घेऊ शकतो. मोठे छापखाने कच्चा माल टनाने घेतात, त्यांचा दर आम्हाला परवडणारा नाही. दरावर भांडायला गेलो असतो तर कधीच संपलो असतो. आम्ही टिकलो ते आपामुळे. आपा म्हणजे माझी मोठी बहीण. तिनं रसायनशास्त्रात बीएस्सी केलं, लग्नानंतर पिंपरीलाच राहिली आणि दोन मुलं सांभाळून कारखान्यात येत राहिली.

एकदा एका ग्राहकाच्या डब्यांवरून लेबलं आपोआप सुटू लागली. सगळे गमला दोष देत होते. आपानं डबा हातात घेतला आणि विचारलं, "हा कशाचा आहे?" डबा पॉलिप्रॉपिलीनचा निघाला. या प्लास्टिकला साधा गम धरत नाही, कारण त्याच्या पृष्ठभागावर गम नीट पसरतच नाही. वेगळा गम लागतो. तेव्हापासून तिचा नियम आहे: जॉब घेण्याआधी ग्राहकाकडून त्याची वस्तू मागवायची. त्या वस्तूवर लेबल लावून ते ओव्हनमध्ये ठेवायचं, ऑइलने पुसायचं, एक दिवस थांबून नखाने उचकटून पाहायचं. आज कारखान्यात तिचं एक कपाट आहे. त्यात पंपाची झाकणं, बॅटरीचे डबे, पावडर कोटिंगचे पत्रे आहेत. दर मागणारा ग्राहक ते कपाट पाहिल्यावर सहसा दुसरीकडे जात नाही.

दुसरं काम क्रमांकांचं. क्यूआर कोड 1994 मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने काढला, तोही वाहनांच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. आता तो आमच्या पोटाचं साधन आहे. प्रत्येक लेबलवर वेगळा क्रमांक असतो. एक क्रमांक दोनदा छापला गेला तर ग्राहकाची पूर्ण लॉट परत येते. म्हणून छापून झालेला रोल कॅमेऱ्याखालून जातो आणि प्रत्येक कोड वाचला जातो. मोठा छापखाना पाचशे लेबलांचा जॉब हातात धरत नाही. आम्ही धरतो. आज पाचशे देणारा उद्या पन्नास हजार देतो, हा आमचा अनुभव आहे.

पैशाचं दुखणं वेगळंच. कच्चा माल रोखीने घ्यावा लागतो आणि ग्राहकाचं पेमेंट चार-चार महिन्यांनी येतं. 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचं देणं जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायला हवं. आता तर मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते देईपर्यंत खरेदीदाराला त्या खर्चाची आयकरात वजावट मिळत नाही. हे लागू झालं तेव्हा एका मोठ्या ग्राहकाने भाईजानला फोन केला आणि आपली उद्यम नोंदणी मागे घेता का, असं गोड शब्दांत विचारलं. भाईजाननं तितक्याच गोड शब्दांत नाही म्हटलं. त्या ग्राहकाचं काम निम्मं झालं. पण जे उरलं त्याचे पैसे वेळेवर येतात.

हे सगळं बाहेरचं. घरातली परीक्षा 2019 मध्ये आली, अब्बा गेले तेव्हा. जीएसटी क्रमांक, बँकेची मर्यादा, विजेचं मीटर, सगळं त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं. आजी-आजोबा आधीच गेले होते. वारस चौघे: अम्मी, भाईजान, मी आणि आपा. आपल्या वारसा कायद्याचं गणित साधं आहे. पत्नीला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. म्हणजे चाळीस वाटे केले तर अम्मीचे पाच, आम्हा भावांचे चौदा-चौदा आणि आपाचे सात.

चाळिसाव्याच्या जेवणानंतर मामूंनी सल्ला दिला, "मुलीचं लग्न झालंय, दागिने दिलेत. तिच्याकडून हक्कसोड पत्र घ्या आणि मोकळे व्हा." हा शब्द महाराष्ट्रात सगळ्यांच्या घरात सारखाच बोलला जातो. 2005 नंतर हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क मिळाला, आमच्या मुलींचा हिस्सा तर शतकांपासून ठरलेला आहे. पण माहेर तुटू नये म्हणून सही कुणाची घ्यायची, यावर दोन्ही घरांचं एकमत असतं.

आपा शांतपणे म्हणाली, "सात वाट्यांपैकी एकही मी सोडणार नाही. आणि विकायलाही लावणार नाही." अम्मीनं ताट बाजूला सारलं आणि मामूंना एवढंच म्हटलं, "भाईजान, बांगड्या माझ्या होत्या. बोलायचं तर मी बोलेन."

मशीनचे चाळीस तुकडे होत नाहीत. म्हणून आम्ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली आणि शेअर त्याच प्रमाणात वाटले. तीन गोष्टी कागदावर लिहिल्या. जो काम करेल त्याला कामाचा पगार, बाजारभावाने. त्यामुळे आपाला पगार आहे, मला नाही. नफा वाटण्याआधी एक ठरलेला भाग मशीनसाठी बाजूला. आणि पुढच्या पिढीतल्या कुणालाही बाहेर दोन वर्षं नोकरी केल्याशिवाय आत घ्यायचं नाही. हे लिहिताना दोनदा आवाज चढले, एकदा भाईजान उठून गेला. पण नवं कॅमेऱ्याचं मशीन त्याच बाजूला ठेवलेल्या पैशातून आलं आणि त्या मशीनचं काम आपा पाहते. हक्कसोड घेतलं असतं तर आपा उद्या कारखान्यात का आली असती? तिचं कपाट कुणी भरलं असतं?

मुलीचा हिस्सा हा आपण धर्माचा, कायद्याचा किंवा उपकाराचा विषय समजतो. मला तो धंद्याचाही विषय वाटतो. ज्या घरात काम जाणणाऱ्या माणसाला केवळ ती मुलगी आहे म्हणून सहीपुरतं बोलावतात, ते घर स्पर्धेत कशाच्या जोरावर उतरणार? तुमच्याही घरात असा एखादा कागद तयार होत असेल, तर सही घेण्याआधी एकदा विचारा, कारखान्याचं काम नेमकं कुणाला येतं.