दाबून धर

कार्तिकी पौर्णिमा आठवड्यावर आली की नेकनूरच्या आमच्या घरी दोन गोष्टी एकदमच उघडायच्या. ओसरीवर आजी 'परमरहस्य'ची पोथी सोडायची आणि अंगणात अण्णा पिकअपची मागची चाकं. मन्मथस्वामींच्या समाधीला घरची अन् गल्लीतली माणसं हौद्यात बसवून कपिलधारला न्यायची, तीही घाटातल्या उतारानं. "माणसं नेतोय, कांदे नाही," अण्णा म्हणायचे.

आम्हा भावंडांची कामं ठरलेली. थोरल्यानं पुढच्या चाकांना दगड लावायचे आणि हँडब्रेक सोडायचा. तो ओढलेला राहिला तर ब्रेकचे शू ड्रमला धरून बसतात. मग ड्रमवर चहूबाजूंनी हलके ठोके. ड्रम निघाला की आत काळी भुकटी. ती फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची. लायनरात तेव्हा ॲस्बेस्टॉस असायचं हे आम्हाला फार पुढं कळलं. अण्णांची शिस्त मात्र आधीपासूनची. लायनर झिजून रिबिटांपर्यंत आलं, की रिबिटं ड्रमला चर पाडतात. त्याआधीच शू बदलायचे. सिलिंडरचं रबर पाझरत असेल तर तेही. एका वेळी एकच बाजू खोलायची, म्हणजे कुठली स्प्रिंग कुठं, हे दुसरीकडं जाऊन बघता येतं. स्प्रिंगा ताईच्या ताटलीत. शेवटची स्प्रिंग ओढून बसवताना अण्णांच्या मनगटाची शीर टरारून यायची, आणि आम्ही सगळे श्वास धरून.

ब्रेकच्या नळीतली हवा काढायचं काम माझं. सीटच्या टोकावर सरकून मी पेडल मारायचे. खालून आवाज यायचा, "दाब... दाब... आता दाबून धर!" खालून निपल पुन्हा आवळेस्तोवर पाय उचलायचा नाही, आणि बुडबुडे संपेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. पोटरीत गोळा यायचा, पण एवढ्या माणसांचा जीव आपल्या पायात आहे असं तेव्हा खरंच वाटायचं, आणि ते खोटं नव्हतं.

यात्रेला अण्णा उतारभर दुसऱ्याच गिअरात असायचे. सारखा ब्रेक दाबला तर ड्रम तापून फुगतो, पेडल खोल जातं, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं.

कपिलधारला गाडी थांबली की बायका धबधब्याकडं वळायच्या, आप्पाकाका टाळ काढायचे. अण्णा आधी मागच्या दोन्ही चाकांजवळ तळहात नेऊन ऊब बघायचे. मलाही बोलवायचे. "दोन्हीकडं सारखीच लागते ना, बाळा?" मी हो म्हटल्यावरच ते पाय धुवून समाधीकडं जायचे.