न वाजलेलं गाणं

आमच्या रूममध्ये एक मोठा रॅपर राहतो. जगाला अजून पत्ता नाही, कारण साहेबांनी आजवर एकही गाणं बाहेर काढलेलं नाही! लॅपटॉपवर चाळीसेक ट्रॅक तयार आहेत. सबमिशनच्या आदल्या रात्री आम्ही फाइली उतरवत असतो आणि हा हेडफोन लावून मान डोलवत असतो. "कधी टाकणार?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "अजून वेळ आहे रे."

आम्ही त्याची भरपूर खेचायचो. एकदा वैतागून त्याने आमचा क्लासच घेतला. म्हणे, डॉ. ड्रेचा 'डिटॉक्स' नावाचा अल्बम. लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि २०१५ मध्ये त्याने सांगून टाकलं, मलाच आवडला नाही, म्हणून काढला नाही. वू-टँग क्लॅनने तर एका अल्बमची एकच प्रत बनवली आणि २०१५ मध्ये ती विकली. अट अशी, की २१०३ सालापर्यंत तिचा धंदा करायचा नाही. शिवाय दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा वापरला असेल तर परवानगी लागते. ती मिळाली नाही की गाणं कपाटात!

मी म्हटलं, "हे सगळे अमेरिकेचे नखरे."

पण नंतर आठवलं, आपल्याकडे काय वेगळं आहे? कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादियाखाँ १९४६ मध्ये गेले. एवढा मोठा गायक, पण त्यांच्या आवाजाची एकही तबकडी मागे नाही. जे होतं ते शिष्यांच्या गळ्यात राहिलं. त्यांच्याच शिष्या, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून थेट अंतराळात गेली. गुरूचा आवाज घराबाहेर सापडत नाही आणि शिष्येचा ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचला!

आणि मग आठवली माझी आजी.

मी थळचा. समोर खांदेरीचा दिवा, मागे आरसीएफचा कारखाना आणि मधे आमचा कोळीवाडा. आजी धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात धवलारीण धवले गाते. हळदीचा वेगळा, मांडवाचा वेगळा. वही नाही, पुस्तक नाही, सगळं तोंडपाठ. शाळेत कधी न गेलेल्या आजीची मेमरी आमच्या कॉम्प्युटर लॅबपेक्षा दांडगी होती.

पहिल्या वर्षाच्या दिवाळीत मी मोबाइल घेऊन तिच्यापुढे बसलो. "आजी, एक धवला म्हण ना, रेकॉर्ड करतो." ती सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मांडव नाय, हलद नाय, नवरा-नवरी नाय. मंग देवांना कशाला बोलवू? येतील नि इचारतील, लगीन कुठं हाय?"

मी हसलो. वाटलं, अंधश्रद्धा, दुसरं काय!

पुढच्या मे महिन्यात चुलतभावाचं लग्न होतं. हळदीच्या रात्री मी तिच्या मागे बसून गुपचूप रेकॉर्डिंग सुरू केलं. तिने पाहिलं. गाणं थांबवलं नाही. संपल्यावर एवढंच म्हणाली, "ठेव. पन उगाच कुनाला ऐकवू नको. माझ्या मागं जी गाईल तिला दे."

श्रावणात आजी गेली.

मोबाइलमध्ये अकरा मिनिटं राहिली. आणि आता खरं सांगतो, मी तिचं ऐकलं नाही. एका रात्री मेसमधून आल्यावर रूममध्ये ते लावलं. चारपाच जण होते. एकाने बादलीवर ठेका धरला, दुसरा खांदे उडवत नाचायला लागला. त्यांचं काही चुकलं नव्हतं, कोळीगीत म्हटलं की सगळे नाचतातच. पण मला एकदम कसंतरी झालं. आजीने देवांना बोलावलं होतं आणि मी त्यांना रूम नंबर १४ मध्ये, वाळत घातलेल्या बनियनांखाली आणून उभं केलं होतं. मी मोबाइल बंद केला.

सगळे गेल्यावर रॅपर हळूच म्हणाला, "काय आवाज आहे यार! याच्यावर बीट बसवतो. दे ना."

"नाही."

"का?"

"अजून वेळ आहे रे," माझ्या तोंडून निघून गेलं. दोघंही हसलो. मग बराच वेळ कोणीच बोललं नाही.

दाबून ठेवलेली प्रत्येक गोष्ट थोर असते असं नाही. भीती असते, आळस असतो, कधी नुसता भावही खायचा असतो. आणि फार दाबून ठेवलं तर ते माणसाबरोबर जातं, हेही खरंच. आजीचे किती धवले असे गेले, कोण मोजणार?

म्हणून आता एक ठरवलंय. धाकटी काकी धवले शिकतेय, पण मांडवाच्या धवल्यात मधेच अडते. येत्या सुट्टीत मोबाइल घेऊन तिच्यापुढे बसणार आहे. या वेळी रेकॉर्ड करायला नाही, ऐकवायला.

आमच्या रॅपरचं गाणं अजून आलेलं नाही. "कधी टाकणार?" हे विचारणं मात्र मी सोडलंय.