मेली नव्हती, वाढली होती!

मुलांनो, डोंबिवलीत समुद्र आहे का? "नाही" म्हणालात ना? पण माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी तो आहे, काचेच्या टाकीत! तिचे बाबा लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम खास मीठ विरघळवतात. म्हणजे पाणी समुद्राइतकं खारट होतं. त्यात दोन मासे आणि लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेली एक कोळंबी.

एके दिवशी ती मुलगी रडतच शाळेत आली. "बाई, आमची कोळंबी मेली!"

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. वाळूवर कोळंबी पडली होती. पाय, मिशा, सगळं जागच्या जागी. मलाही वाटलं, गेली बिचारी! बाबांनी ती जाळीने उचलून दिव्यासमोर धरली आणि काय गंमत, आरपार दिसू लागलं! आत काहीच नव्हतं. इतक्यात दगडाच्या कपारीतून दोन लांब मिशा हलल्या.

कोळंबीने कात टाकली होती. आपली हाडं अंगाच्या आत असतात आणि आपल्याबरोबर वाढतात. कोळंबीचं कवच मात्र बाहेर असतं आणि ते वाढत नाही. गेल्या वर्षीचा गणवेश तुम्हाला आखूड होतो ना, तसंच. मग ती जुन्या कवचाखाली नवं, मऊ कवच तयार करते. जुनं फुटलं की बाहेर पडते, पाणी शोषून फुगते आणि नवं कवच कडक व्हायच्या आत मोठी होऊन घेते. तुटलेला पायसुद्धा अशा वेळी नव्याने येतो, बरं का! पण तोवर ती इतकी मऊ असते, की कोणीही सहज गट्ट करावं. म्हणूनच ती लपते.

"बाहेर काढून बघू का?" मुलीने विचारलं.

"नको गं, कवच घट्ट होऊ दे तिचं."

रविवारी ती, तिची आई आणि मी लोकलने ठाण्याला गेलो. पूर्वेला उतरून चेंदणी कोळीवाड्यावरून खाडीकडे निघालो. ओहोटी होती. चिखलातून पेन्सिली खोचून ठेवाव्यात तशी तिवरांची मुळं वर आली होती. ही झाडं त्या मुळांनी श्वास घेतात. त्यांच्याच आडोशाला कोळंबीची, खेकड्यांची, माशांची पिल्लं वाढतात.

"म्हणजे ही त्यांची कपार!" मुलगी ओरडली. मग एकदम गप्प झाली. पुढे मुळांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या, विटांचा राडारोडा पडला होता. "बाई, इथल्या कोळंबीने कात टाकली तर ती लपणार कुठे?"

ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली. २०२२ साली तिला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळालं. गुलाबी पक्षी बघायला आपण हौसेने जातो. पण मुळांत दडलेली मऊ कोळंबी कुणाला दिसते?

परतीच्या गाडीत मुंब्र्याजवळ खाडी दिसली. चिवड्याची रिकामी पिशवी तिच्या हातातच होती. तिने ती घडी घालून दप्तरात ठेवली. मी काहीच बोलले नाही.

तुम्हीही त्या बाजूने जाल तेव्हा खिडकीतून जरा बघा. चिखलात कुणीतरी नुकतंच मोठं होत असेल!