पाण्यापैकी

फ्रेंच भाषेत नुसतं 'पाणी द्या' म्हणता येत नाही. व्याकरण आडवं येतं. आधी सांगा, कोणतं पाणी? ठरलेलं, दोघांनाही ठाऊक असलेलं पाणी असेल तर म्हणा 'लो'. पाण्यातलं काही, किती ते न सांगता, हवं असेल तर 'द लो'. फरक एका 'द'चा. हा 'द' म्हणजे आपलं 'पैकी', आपलं 'मधलं'.

जे एक-दोन-तीन असं मोजता येत नाही त्याच्यापुढे हे शब्द लागतात. पुल्लिंगी नाम असेल तर 'द्यु', स्त्रीलिंगी असेल तर 'द ला', स्वर आला की 'द ल'. भात म्हणजे 'द्यु री', मांस 'द ला व्यांद'. त्यांच्या व्याकरणात याला 'आर्टिकल पार्तितीफ' म्हणतात. मी त्याला वाट्याचं उपपद म्हणतो.

मी बपेऱ्याचा. तालुका तुमसर, जिल्हा भंडारा, धानाचा मुलुख. फ्रेंच शिकलो ते नागपुरात, रात्रीच्या वर्गात. बाकीचे पोरं हा नियम घोकत बसले. मला घोकावा लागला नाही. आमच्या वस्तीची अख्खी बोली वाट्याची. मराठीत उपपद नाही, पण मूठभर आहे, पसाभर आहे, कुडोभर आहे. माय परगावी रोवणीला जाई. तहान लागली की कुणाच्या दारात उभी राहून म्हणे, "घोटभर पानी द्या ना बाई." वरून धार पडे, खाली मायची ओंजळ. विहीर दहा पावलांवर. 'द लो' मिळे. 'लो' मिळत नसे.

अस्पृश्यता म्हणजे दुसरं काय होतं? पाण्यापैकी घ्या, पाण्याला शिवू नका. धानापैकी घ्या, खळ्यावर चढू नका. पैकी मिळण्याला मनाई नव्हती. मूळ हाती येण्याला होती.

दोष फ्रेंचचा नाही, हेही सांगतो. तिथं जमीनदारही 'द्यु पँ' म्हणतो, मजूरही 'द्यु पँ' म्हणतो. दोघांना भाकरीतली भाकरीच लागते. ती भाषा वस्तूचा वाटा करते, माणसाचा नाही. आवडीचं सांगताना तर ती वाटा करतच नाही. 'मला भात आवडतो' म्हणायचं तर 'जेम ल री', अख्खा भात. खातो म्हणताना मात्र 'ज मांज द्यु री'. आवड अख्ख्याची, ताटात वाटा. आमच्याकडे आवड विचारलीच नाही कुणी.

नकाराचा नियम आणखी ध्यानात घेण्यासारखा. पाणी नाही म्हणायचं तर उपपद गळतं, नुसता 'द' उरतो : 'इल न्या पा दो'. पण 'हे पाणी नव्हे' म्हणायचं तर पूर्ण उपपद जागेवर राहतं : 'स ने पा द लो'. वस्तू नसणं वेगळं आणि वस्तू ती नसणं वेगळं. आमच्या लोकांना दोन्ही नकार मिळाले. पाणी नाही, हा एक. तुम्ही माणूस नव्हे, हा दुसरा.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. ओंजळ तीच, पण वरून धार नाही. हात थेट तळ्यात. त्या डिसेंबरच्या परिषदेत त्यांनी सांगितलं, की हे पाणी न प्यालो तर मरू असं नाही, आम्हीही माणसं आहोत हे ठरवायला आलो. त्याच भाषणात त्यांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला दिला. तळ्याचा दावा चालत राहिला. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो मार्च १९३७ मध्ये.

१९५४ साली बाबासाहेब आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. भंडाऱ्यानं त्यांना पाडलं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला आकाशवाणीवर ते बोलले : माझं तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांत आहे, आणि ते मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून नाही, बुद्धाकडून घेतलं. फ्रेंच वाक्यात या शब्दांना सहसा पूर्ण उपपद लागतं : 'ला लिबेर्ते', 'लेगालिते', 'ला फ्रातेर्निते'. 'द ला लिबेर्ते', थोडं स्वातंत्र्य, असंही व्याकरणाला चालतं. आपल्याला चालू नये.

कारण आता पोरं म्हणतात, पहिल्यापेक्षा बरं आहे, बरंच मिळालं. मिळालं ते घ्या. पण 'बरंच' हासुद्धा मापाचाच शब्द आहे. उपपदाला आणि घटनेच्या कलमाला इंग्रजीत एकच शब्द, आर्टिकल. घटनेचं कलम १५ काढून वाचा. त्यात सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावं आहेत. घोटभर पाण्याचं नाव त्यात कुठंच नाही.