निम्म्याचा हिशेब

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एके काळी टर्नरची परीक्षा घ्यायची, तर त्याच्यापुढे गोल जॉब आणि फोर जॉ चक ठेवत. बाकी काही विचारायची गरज नसे. ऑइल इंजिनांचे सुटे भाग करणाऱ्या त्या शेडांत हरिहरला बनलेले किर्लोस्करांचे लेथ असायचे आणि मिस्त्रींच्या कप्प्यात फडक्यात गुंडाळलेला डायल इंडिकेटर. नवख्या पोरांनी त्याला हात लावायचा नाही, असा दंडकच होता.

जॉब धरायचा, डायल टेकवायचा, चक हातानं फिरवायचं. काटा एका अंगाला वीस घरं जास्त चढला, तर जॉब दहाच घरं सरकवायचा. समोरचा जबडा आधी सैल, मग अलीकडचा घट्ट. नवं पोरगं वीसच्या वीस घरं सरकवी आणि चूक पलीकडच्या अंगाला जाऊन बसे. "निम्मं घे रे, निम्मं!" मिस्त्री मशीनच्या आवाजावर आवाज चढवून ओरडत.

बारीक पिनांचा लॉट आला की प्रत्येक पिनेला एवढा वेळ देणं परवडायचं नाही. मग घरचं कॉलेट. माइल्ड स्टीलची बुश थ्री जॉ चकात धरून जागच्या जागी बोअर करायची, हॅकसॉनं तिला एक उभी चीर द्यायची आणि एक नंबरच्या जबड्यासमोर पंचची खूण करायची. चक आवळलं की चीर मिटे आणि पिन चारी अंगांनी दाबली जाई. लॉट संपला की बुश डब्यात. असे बुशांनी भरलेले डबे प्रत्येक शेडमध्ये असत.

आता टेबलावर मावणाऱ्या लेथलाही ईआर-३२ चं कॉलेट चक बसतं. अमेरिकेतल्या हार्डिंजचं जुनं ५सी कॉलेट जवळपास ठरावीक मापालाच चालतं. स्विस रेगो-फिक्सनं १९७२ साली आणलेलं ईआर मात्र चांगलं मिलिमीटरभर मिटतं, म्हणून १८ कॉलेटांत ३ ते २० मिमीपर्यंतचं काम भागतं. कॉलेट आधी नटात कलतं घालून टिचकन बसवायचं, मगच नट चकावर फिरवायचा. नुसतं टेपरात टाकून नट आवळला, तर ते वाकडं धरतं आणि सोडताना आत अडकून राहतं.

खरं काम त्याच्याही आधीचं, चक लेथवर बसवायचं. स्पिंडलचं नाक स्वच्छ पुसायचं. चकामागची बॅकप्लेट त्याच लेथवर फेस करायची आणि तिचा खांदा अंमळ सैल ठेवायचा. बोल्ट अर्धवट आवळून डायल चकाच्या आतल्या टेपरवर टेकवायचा आणि चक हलक्या हातानं ठोकत मध्यावर आणायचं. इथंही काट्याच्या फरकाच्या निम्मंच. मग बोल्ट पक्के करायचे आणि काटा पुन्हा बघायचा.

पूर्वी हात चुकला तर एक जॉब जायचा. आता चक बसवताना चूक राहिली, तर एक बाजू करून झालेली प्रत्येक पिन दुसऱ्या बाजूला तेवढीच आउट फिरते, आणि कॉलेटचं नाव चांगलं म्हणून कुणाला संशयही येत नाही. बुशांच्या डब्यांची मला हळहळ नाही. त्यात दुपारच्या दुपार जायची. पण रोजच्या त्या कटकटीत पोरांची नजर आपोआप तयार व्हायची, ती वाट आता बंद झाली. म्हणून चक बसवायला विक्रेत्याचा माणूस आला, तर त्याला चहा द्यावा आणि डायल मात्र शेडमधल्या सगळ्यात नव्या पोराच्या हातात द्यावा.