कागद साल्तियोला, कापूस न्यू ऑर्लिन्सला

साल्तियो, 3 नोव्हेंबर

भाचीचं म्हणणं होतं, थेट ह्यूस्टनला उतरा. मी मुद्दाम वाट वाकडी केली. टेक्ससचा इतिहास सांगणारे बहुतेक जण अलामोच्या लढाईपासून सुरुवात करतात. मला तो राजधानीपासून बघायचा होता, आणि राजधानी होती इथे, मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या साल्तियोत.

1821 मध्ये मेक्सिको स्पेनपासून सुटला. 1824 मध्ये संघराज्य उभं राहताना कोआविला आणि टेक्सस हे दोन प्रांत जोडून एकच राज्य केलं. टेक्ससमध्ये स्वतंत्र राज्य चालवण्याइतकी माणसंच नव्हती. 1827 च्या राज्यघटनेनुसार विधिमंडळात 12 प्रतिनिधी, त्यांतले टेक्ससचे 2. राज्याचं पूर्वेकडचं शेवटचं मोठं गाव नॅकोडोचिस, ते आजच्या रस्त्यानंही हजार किलोमीटरहून लांब. मोजणी खात्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे नकाशा उघडला की मला आधी अंतर दिसतं.

दुपारी सारापेचं संग्रहालय पाहिलं. सारापे म्हणजे इथली रंगीत लोकरी घोंगडी. कोआविलाची श्रीमंती मेंढीवर उभी होती. सांचेझ नवारो घराण्याकडे तर लक्षावधी एकर चराऊ जमीन. ही लोकर मेक्सिकोच्या आतल्या बाजारांत जायची. टेक्ससचा या व्यापाराशी फारसा संबंध नव्हता.

या विधिमंडळात टेक्ससतर्फे बसलेले पहिले गृहस्थ म्हणजे बॅरन द बास्त्रोप. हे बॅरनही नव्हते आणि बास्त्रोपही नव्हते. हॉलंडमध्ये सरकारी पैशाच्या अफरातफरीचा आरोप आला, तेव्हा पळून आलेले डच कर जमा करणारे अधिकारी! पण अमेरिकन वसाहतवाल्यांना मेक्सिकोच्या दफ्तरात वाट करून दिली ती यांनीच. 1827 मध्ये इथेच वारले. पुरण्याचा खर्च सहकारी आमदारांनी वर्गणी काढून केला.

मोंक्लोवा, 4 नोव्हेंबर

बसनं उत्तरेकडे. मोंक्लोवा आता पोलादाचं गाव म्हणून ओळखलं जातं. 1833 मध्ये राजधानी इथे हलवली, आणि साल्तियोकरांना ते कधीच पचलं नाही.

कालक्रमानं हे गाव गोष्टीच्या शेवटी यायला हवं, पण रस्त्यात आधी लागलं, म्हणून इथलं इथेच लिहून ठेवतो. 1834-35 मध्ये राज्याच्या तिजोरीत खडखडाट होता. विकण्यासारखी वस्तू एकच, टेक्ससची पडीक जमीन. मोंक्लोवाच्या विधिमंडळानं सरहद्दीच्या बंदोबस्ताच्या नावाखाली 400 लीग जमीन मोकळी केली आणि ती सट्टेबाजांच्या हाती गेली. एक लीग म्हणजे 4,428 एकर. चारशेनं गुणून पाहावं. साल्तियोनं दुसरंच सरकार उभं केलं. केंद्रात राष्ट्राध्यक्ष सांता आना एकेक राज्य मोडीत काढत होते. मे 1835 मध्ये त्यांच्या फौजेनं साकातेकास लुटलं. मग इथले गव्हर्नर आगुस्तीन व्हिएस्का दफ्तर घेऊन टेक्ससकडे निघाले आणि वाटेत पकडले गेले.

सॅन अँटोनियो, 6 नोव्हेंबर

लारेदोला सीमा ओलांडली. सॅन अँटोनियो, तेव्हाचं बेहार. सॅन फर्नांदोच्या चर्चपासून थोडं चाललं की होसे आंतोनियो नवारो यांचं घर लागतं. जाड भिंती, बसक्या खोल्या. हा माणूस मला अलामोतल्या वीरांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. व्यापारी, स्वतः शिकलेला, जन्म इथलाच, 1795 चा.

त्यांच्या पिढीनं काय पाहिलं होतं? 1813 मध्ये स्पेनविरुद्धचा उठाव मेदिनाच्या लढाईत चिरडला गेला. जनरल आरेदोंदो यांनी बेहारमध्ये माणसं गोळ्या घालून मारली, घरंदारं जप्त केली, अनेक कुटुंबं लुइझियानात पळाली. स्वातंत्र्य आलं तेव्हा अख्ख्या टेक्ससमध्ये स्पॅनिश बोलणारे जेमतेम काही हजार. कोमांचे टोळ्या घोडे नेत, माणसं मारत. शिबंदीला पगार महिनोन् महिने मिळत नसे, पुष्कळदा धान्यही उधारीवर.

अशा गावानं बाहेरची माणसं का बोलावली, हे कोड्यात टाकणारं नाही. जमीन अमाप होती. ती कसायला आणि राखायला माणूस नव्हता. मेक्सिकोच्या आतून कोणी इकडे यायला तयार नव्हतं. बेहारच्या पुढाऱ्यांना शेजारच्या लुइझियानात माणसंही दिसत होती आणि पैसाही.

सॅन अँटोनियो, 7 नोव्हेंबर

सकाळभर 1825 चा राज्याचा वसाहत कायदा वाचला. खात्यातली जुनी सवय सुटत नाही. माप वारा. आपल्या काठीसारखंच, लांबी मात्र सुमारे 33 इंच. पाच हजार वारा लांब, पाच हजार वारा रुंद म्हणजे एक सितियो, तीच 4,428 एकरांची लीग. ही चराईसाठी. शेतीसाठी लाबोर, 177 एकर. गुरं पाळणाऱ्या कुटुंबाला जवळजवळ फुकटात अख्खी लीग. शंभर कुटुंबं आणणाऱ्या एम्प्रेसारिओला, म्हणजे वसाहतीच्या ठेकेदाराला, वर पाच लीग आणि पाच लाबोर बक्षीस.

पलीकडे अमेरिकेत सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलर, किमान 80 एकर, रोख. 1819 च्या मंदीनं तिथले शेतकरी कर्जात बुडालेले. त्यात 1829 मध्ये या राज्यानं कायदा केला, की नव्या वसाहतकऱ्यांच्या जमिनीवर बाहेरच्या जुन्या कर्जासाठी 12 वर्षं टाच आणता येणार नाही. सावकाराला चुकवून आलेल्याला याहून काय हवं? लोक लोंढ्यानं आले.

अडचण एकच होती. आलेल्यांना कापूस पिकवायचा होता आणि तो गुलामांकडून. 1827 च्या राज्यघटनेच्या 13 व्या कलमानं यापुढे जन्मणारं मूल स्वतंत्र ठरवलं आणि सहा महिन्यांनंतर नवे गुलाम आणायला बंदी केली. तेव्हा 5 मे 1828 ला एक साधासा दिसणारा ठराव झाला: परदेशात केलेले मजुरीचे करार या राज्यात ग्राह्य धरले जातील. मालकांनी हद्द ओलांडण्याआधी गुलामाचा अंगठा घेतला, मुदत 99 वर्षं, आणि गुलाम कागदोपत्री गडी झाला. हा ठराव मांडणारे प्रतिनिधी होते नवारो.

त्यांना गुलामीचा सोस होता असं दिसत नाही. बेहारला वस्ती हवी होती, वस्तीला कापूस, कापसाला गुलाम. त्यांनी हिशोब केला. रात्री जेवताना भाचीला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "मामा, हिशोब केला म्हणजे माफ होतं का?" माफ होत नाहीच. पण हिशोब मांडल्याशिवाय त्या ठरावाचा अर्थ लागत नाही.

सॅन फेलिपे, 9 नोव्हेंबर

भाची गाडी घेऊन आली. ब्राझोस नदीकाठचं हे एम्प्रेसारिओ स्टीफन ऑस्टिन यांचं ठाणं. मूळ गाव उरलं नाही. मार्च 1836 मध्ये सांता आनांच्या फौजेपुढून माघार घेताना टेक्ससवाल्यांनी स्वतःच जाळलं. आता संग्रहालय आहे.

ऑस्टिन यांच्या वडिलांनी वसाहतीचा परवाना मिळवला 1821 च्या सुरुवातीला, त्याच वर्षी ते वारले. मुलानं काम पुढे नेलं. पहिल्या आराखड्यात गुलाम आणणाऱ्याला एका गुलामामागे 80 एकर जादा. जॅरेड ग्रोस सुमारे 90 गुलाम घेऊन आले. 1825 च्या खानेसुमारीत वसाहतीत सुमारे 1,800 माणसं, त्यांतली 443 गुलाम.

गाळाची जमीन, काळी, ओलसर. आमच्या यवतमाळकडच्या माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. सरकी काढायचं यंत्र लवकरच आलं. गाठी नदीच्या मुखाशी, तिथून गलबतानं न्यू ऑर्लिन्सला. परतीला कापड, अवजारं, कॉफी, पीठसुद्धा. 1823 मध्ये मिळालेली सात वर्षांची जकातमाफी होती, म्हणून हे सगळं स्वस्तात. नाणं दुर्मीळ. देणीघेणी गायी, कातडी, मका यांत.

म्हणजे शेतकऱ्याचा सातबारा साल्तियोच्या दफ्तरात आणि त्याची पट्टी न्यू ऑर्लिन्सच्या अडत्याकडे. कोर्टकचेरी स्पॅनिशमध्ये, अपील साल्तियोला. इथल्या माणसाचं मेक्सिकोशी नातं उरलं ते जमिनीच्या कागदापुरतं. मेक्सिकन सरकारनं दिलेले हे मूळ कागद आजही ऑस्टिन शहरात टेक्ससच्या जमीन दफ्तरात जपलेले आहेत.

नॅकोडोचिस, 11 नोव्हेंबर

पाइनची दाट जंगलं. गुरांची धूळ आता खूप मागे राहिली.

इथला पहिला उठाव 1826 च्या डिसेंबरचा. एम्प्रेसारिओ हेडन एडवर्ड्स यांना मोठा मुलूख मिळाला होता. त्यांनी जाहीर केलं, की जुन्या रहिवाशांनी मालकीचे पुरावे दाखवावेत, नाहीतर जमीन विकली जाईल. पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्यांकडे कागद कुठून असणार? तक्रारी गेल्या, सरकारनं ठेका रद्द केला, आणि एडवर्ड्स बंधूंच्या मंडळींनी फ्रेडोनिया नावाचं प्रजासत्ताक जाहीर करून टाकलं. चेरोकींना अर्धा टेक्सस देऊ केला. ऑस्टिन यांनी सरकारची बाजू घेतली, फौज येण्याआधीच उठाव विरला. चेरोकींचे पुढारी रिचर्ड फील्ड्स आणि जॉन डन हंटर यांना मात्र त्यांच्याच लोकांनी ठार केलं.

मग 1828 च्या जूनमध्ये जनरल मान्युएल दे मिएर इ तेरान इथे पोहोचले. तेरान अभियंता, नेमकं बघणारे. राष्ट्राध्यक्षांना त्यांनी कळवलं, की बेहारहून इकडे यावं तसतसं मेक्सिकोचं अस्तित्व कमी होत जातं आणि इथे ते नावापुरतं उरतं. गुलामांना मेक्सिकोच्या कायद्याचा वास लागला आहे, म्हणून मालक आणखी कठोर झालेत, हेही त्यांनी टिपलं. उपाय सुचवले: ठाणी, मेक्सिकन आणि युरोपीय वसाहती, मेक्सिकन बंदरांशी व्यापार. शेवटचा उपाय सर्वांत शहाणपणाचा होता, आणि त्याचंच काही झालं नाही.

अनाहुआक, 13 नोव्हेंबर

गॅल्व्हेस्टन खाडीच्या वरच्या अंगाला, किल्ल्याचा जेमतेम पाया. डास अजूनही भरपूर.

तेरान यांच्या अहवालाचा आधार घेऊन मंत्री लुकास आलामान यांनी 6 एप्रिल 1830 चा कायदा आणला. 11 व्या कलमानं अमेरिकेतून येणाऱ्यांवर बंदी. जकातमाफीही त्याच सुमारास संपली. तेरान यांनी ठाणी उभारली, नावं मुद्दाम जुन्या मेक्सिकोच्या धाटणीची ठेवली: तेनोच्तित्लान, लिपांतित्लान, अनाहुआक. शिपायांची संख्या तुटपुंजी, पगार थकलेले.

इथले ठाणेदार हुआन डेव्हिस ब्रॅडबर्न, जन्मानं अमेरिकन, नोकरीनं मेक्सिकन. जकात अधिकारी जॉर्ज फिशर यांनी हुकूम काढला, की ब्राझोसच्या मुखातून सुटणाऱ्या गलबतांनीही परवानगी अनाहुआकला येऊन घ्यावी. मालवाले खवळले. लुइझियानातून पळालेल्या गुलामांना ब्रॅडबर्न यांनी आश्रय दिला आणि परत द्यायला नकार दिला. वकील ट्रॅव्हिस त्यांच्या मालकातर्फे भांडले आणि कैदेत पडले. जून 1832 मध्ये सशस्त्र जमाव आला, वेलास्कोला रक्त सांडलं. जमावानं ठराव मात्र केला तो मेक्सिकोच्या 1824 च्या घटनेच्या बाजूनं!

टेक्ससच्या शाळेत हे बंड जुलूम आणि स्वातंत्र्य यांच्या भाषेत शिकवतात. जागेवर उभं राहिलं की एका बाजूला जकात दिसते आणि दुसऱ्या बाजूला पळालेला गुलाम. त्याच जुलैत तेरान यांनी पादियाला स्वतःच्या तलवारीवर झोकून दिलं.

ह्यूस्टन, 15 नोव्हेंबर

बेहारच्या नगरसभेनं डिसेंबर 1832 मध्ये साल्तियोला पाठवलेलं निवेदन आज पुन्हा काढलं. शिपाई नाहीत, शाळा नाहीत, न्यायाधीश नाहीत, राजधानी लांब. आणि मागणी काय? 11 वं कलम रद्द करा, अमेरिकनांना येऊ द्या. ऑस्टिन मेक्सिको शहरात गेले तेव्हा त्यांच्याकडे याच तक्रारी होत्या. त्यांना दीड वर्ष अटकेत काढावं लागलं. 1834 मध्ये राज्यानं इंग्रजीला मान्यता दिली, ज्यूरी आणली. तोवर उशीर झाला होता. ऑक्टोबर 1835 मध्ये गोंझालेसला एका तोफेच्या ताब्यावरून गोळी सुटली. 21 एप्रिल 1836 ला सॅन हासिंतोच्या लढाईत टेक्ससच्या बाजूनं निकाल लागला.

त्या वर्षी अमेरिकन सरकारचे दूत हेन्री मॉर्फिट यांचा अंदाज होता: 30,000 अँग्लो, 5,000 गुलाम, साडेतीन हजारांच्या आसपास मेक्सिकन. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर टेक्ससमध्येच जन्मलेल्या दोघांच्याच सह्या: नवारो आणि त्यांचे मामा फ्रान्सिस्को रुइझ. नव्या घटनेनं गुलामगिरी पक्की केली. ते 99 वर्षांचे करार फाडून टाकता आले, त्यांची गरजच उरली नाही. सॅन हासिंतोवर टेक्ससच्या बाजूनं लढलेले हुआन सेगीन 1842 मध्ये मेक्सिकोत पळून गेले, कारण त्यांच्याच गावात त्यांना देशद्रोही ठरवलं गेलं.

भाची विचारते, बेहारवाल्यांनी दुसरं काय करायला हवं होतं? माझ्याकडे उत्तर नाही, पण साल्तियोनं काय करायला हवं होतं ते सांगता येतं. बंदर, रस्ता, शिपायाचा पगार. कापूस घेणारा मेक्सिकन अडत्या निर्माण झाला असता तर तो शेतकरी मेक्सिकोचा राहण्याची थोडी तरी शक्यता होती. सरकारनं जमीन वाटली आणि बाजार शेजाऱ्याकडे सोडला. मग बाजार हातचा गेलेला पाहून जमिनीवर पहारा बसवला.

1845 मध्ये टेक्सस अमेरिकेत सामील होताना घटना लिहायला बसलेल्यांत मेक्सिकन वंशाचे एकटे नवारो होते. मतदार ‘गोरा’ असावा असा शब्द घालायचा होता, म्हणजे त्यांचेच भाऊबंद बाहेर पडले असते. ते विरोधात उभे राहिले आणि तो शब्द गळाला. त्याच घटनेत गुलामगिरी राहिली. 1828 चा ठराव मांडणाऱ्या माणसाला सतरा वर्षांनी स्वतःच्या लोकांच्या माणूसपणासाठी वाद घालावा लागला, तोही त्यानंच बोलावलेल्या पाहुण्यांशी.